दिवसाढवळ्या पतंग

पतंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक संक्रांतीचा, मांजावाला. आणि दुसरा तो, गझलवाला! दिव्यावर झेप घेणारा, जळून खाक होणारा, प्रेमात पार वाया गेलेला. कवींनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या जाळला आणि आपण 'वा, क्या बात है' म्हणत राहिलो. प्रत्यक्षात काय? पावसाळ्यात ट्यूबलाइटला धडका मारणारा हा नाइट शिफ्टचा कामगार. सकाळी आई त्याला केरसुणीनं गोळा करते. विषय संपला.

पण मंडळी, आज ज्याची ओळख करून देणार आहे, तो पतंग या इमेजमध्ये अजिबात बसत नाही. तो भर उन्हात उडतो. दिवसाढवळ्या! पंख दुधाळ पांढरे, त्यावर लालभडक आणि काळ्या ठिपक्यांच्या ओळी. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. पण हिरव्या गवतावर तो असा उठून दिसतो, की एखाद्या फॅशन डिझायनरनं अख्खं कलेक्शन त्यावरून काढावं. आणि राहतो कुठे? आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या रखरखीत प्रदेशात, राजस्थानच्या वाळूत, आणि पाऊस ज्याच्याशी कायम उधारीवर वागतो अशा आमच्या बीड जिल्ह्यासारख्या कोरड्या मुलखात.

नाव जरा भारदस्त आहे, सांभाळून घ्या. युटेथायसा पुल्केला. लिनियसनं १७५८ साली याची शास्त्रीय नोंद केली तेव्हा 'पुल्केला' म्हणजे लॅटिनमध्ये 'चिमुकली सुंदर' असं नाव दिलं. वर्गीकरणाच्या कोरड्या जगातही साहेबांना हे पाखरू आवडलं असणार! इंग्रजीत त्याला 'क्रिमसन स्पेकल्ड' म्हणतात. ब्रिटनमध्ये हा दक्षिणेकडून वाट चुकून येणारा दुर्मीळ पाहुणा. एखादा जरी दिसला तरी तिथल्या हौशी निरीक्षकांमध्ये बातमी होते. आपल्याकडे तो बांधावर असतो आणि आपण गाडीची काच वर करून पुढे जातो. आता एक खबरदारीची सूचना. युटेथायसा लोट्रिक्स आणि युटेथायसा पुल्केलॉइडिस हे त्याचे अगदी सारखे दिसणारे भाऊबंद आहेत. नुसत्या मोबाइलच्या फोटोवरून कोण कुठला हे तज्ज्ञही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण सगळ्या भावकीची जगण्याची रीत एकच. म्हणून या लेखात मी त्या सगळ्यांना मिळून 'आपला पतंग' म्हणते.

'अगं, हे तर फुलपाखरू आहे!' असं माझी पुण्यातली मैत्रीण फोटो बघून म्हणाली. दिवसा उडणारं, रंगीत ते फुलपाखरू आणि रात्री उडणारा, मळकट तो पतंग, हे आपलं शाळेतलं गणित. पण भारतात फुलपाखरांच्या जाती सुमारे १,४०० आणि पतंगांच्या १२,००० च्या आसपास. एवढ्या मोठ्या खानदानात सगळेच कसे रात्री उडतील? तुमच्या बाल्कनीतल्या फुलांसमोर हवेत तरंगत लांब सोंड खुपसणारा तो 'हमिंगबर्ड' आठवतो? तो पक्षी नव्हेच. हमिंगबर्ड भारतात नाहीत. तोही दिवसा उडणारा पतंगच. खरी खूण मिशांमध्ये आहे. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. आपल्या पतंगाच्या मिशा सरळ दोऱ्यासारख्या. बसतानाही तो पंख पाठीवर जोडून उभे करत नाही. शाल अंगाभोवती लपेटून घ्यावी तसा पंख लपेटून बसतो.

मला तो भेटला महालक्ष्म्यांच्या दिवसांत. आमच्याकडे मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि त्या तीन दिवसांत जगाच्या पाठीवर कुठेही असलेला माणूस गावी पोहोचतो. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर. वर्षाचे आठ महिने हा भाग पिवळा-करडा. पण भाद्रपदात तो असा हिरवा होतो, की व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर लोक 'महाबळेश्वर का?' विचारतात. सौताड्याचा धबधबा याच तालुक्यातला. मोरांचं नायगाव अभयारण्यही इथलंच. सकाळी काकांच्या मागोमाग शेतात गेले, तर बोरूच्या पिवळ्या फुलांवर ही पांढरी-लाल मंडळी भिरभिरत होती. मी वाकून बघत बसले. काका म्हणाले, "त्याला काय बघायलीस एवढं? बोरूवरचं पाखरू हाय ते."

एका वाक्यात काकांनी त्याचं चरित्र सांगून टाकलं!

बोरू म्हणजेच ताग. गोणपाटाचा ताग नव्हे हं, ते झाड वेगळं. हा आपला हिरवळीच्या खताचा ताग. पावसाळ्यात पेरायचा, फुलावर आला की नांगरून मातीत गाडायचा. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. पूर्वी याच्याच सालीचे दोर वळत. या बोरूचे रानटी भाऊ बांधावर, गायरानात, रस्त्याकडेला आपोआप उगवतात. त्यांना आपण खुळखुळा म्हणतो. शेंग वाळली की आतल्या बिया सुटतात आणि हलवली की खुळखुळ वाजते. लहानपणी पायात बांधून नाचलेली मुलं अजून आठवत असतील. गंमत म्हणजे या वनस्पतींचं शास्त्रीय नाव क्रोटॅलेरिया. ते ज्या ग्रीक शब्दावरून आलंय, त्याचा अर्थही खुळखुळाच. अमेरिकेतल्या रॅटलस्नेकचं शास्त्रीय नाव क्रोटॅलस. तेही त्याच शब्दावरून!

सापाची आठवण इथे उगाच काढली नाही. खुळखुळा विषारी असतो. त्याच्या पानांत आणि त्याहून जास्त बियांमध्ये पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची द्रव्यं असतात, आणि ती थेट यकृतावर घाला घालतात. आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजा जिल्ह्यात १९७० च्या दशकात लोकांची पोटं पाण्यानं फुगू लागली, माणसं दगावू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं, की खाण्यातल्या गोंदली या भरड धान्यात रानटी खुळखुळ्याच्या बिया मिसळल्या होत्या.

आणि नेमकं हेच झाड आपल्या पतंगाच्या अळीचं जेवण. भुरुंडीच्या कुळातली काही झाडंही तिला चालतात. तीही अशीच विषारी. मादी पानांवर अंडी घालते. अळ्या आधी पानं खातात, मग शेंग पोखरून बिया गाठतात, म्हणजे जिथे सर्वांत जास्त विष तिथेच. माणसाचं यकृत ज्यानं निकामी होतं, ते ही अळी पचवून थांबत नाही, ते अंगात साठवते. अळीचा कोष होतो, कोषाचा पतंग होतो, सगळं शरीर मोडून नव्यानं बांधलं जातं, पण लहानपणी जमवलेलं विष तसंच पुढे जातं. आपल्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर प्रॉव्हिडंट फंड. नोकरी बदलली तरी खातं तेच.

या फंडाचा उपयोग काय, ते थॉमस आयझनर या कीटकशास्त्रज्ञानं दाखवलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा हा माणूस, १९२९ मध्ये बर्लिनमध्ये जन्मला, २०११ मध्ये गेला. १९६० च्या दशकात फ्लोरिडामध्ये त्यानं आपल्या पतंगाची अमेरिकन बहीण, युटेथायसा ऑर्नाट्रिक्स, एका मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात अडकताना पाहिली. पतंग जाळ्यात सापडले, की सहसा धडपडतात. ही धडपडली नाही. शांत राहिली. कोळी आला, त्यानं चाचपलं, आणि मग चक्क आजूबाजूचे धागे तोडून तिला मोकळं केलं! नको बाबा, तूच ठेव. मग आयझनरच्या मंडळींनी काही अळ्या खुळखुळ्याऐवजी पिंटो बीन्सच्या खाद्यावर वाढवल्या. पिंटो बीन म्हणजे आपल्या राजम्याचाच प्रकार. हे राजमा-डाएटवाले पतंग दिसायला तसेच छान, पण अंगात विष शून्य. कोळ्यांनी ते मिटक्या मारत खाल्ले.

आता कळलं ना, हा गडी दिवसा का फिरू शकतो ते? बहुतेक पतंगांनी रात्र निवडली, त्यामागे पक्ष्यांची भीती हेही एक मोठं कारण. दिवसा उडायचं तर एकतर सुसाट वेग हवा, नाहीतर मातीत मिसळून जाणारा रंग हवा. आपल्या पतंगाकडे दोन्ही नाही. उडतो तेही आरामात, लडखडत, थोडं अंतर जाऊन पुन्हा गवतावर बसतो. पण त्याचे लाल-काळे ठिपके म्हणजे गावाकडच्या डीपीवरची लाल कवटी. 'धोका' असं लिहिलेलं वाचायला पक्ष्याला शाळेत जावं लागत नाही, एकदा कडू तोंड झालं की पुरतं. रात्री तो दिव्यालाही येतो. पण अंधारात लपून बसण्याची त्याच्यावर सक्ती नाही, एवढा फरक.

इथपर्यंत ही एका हुशार किड्याची गोष्ट होती. खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती लग्नाची आहे!

मादी कोणाला पसंत करते? हाही शोध फ्लोरिडातल्या त्या अमेरिकन बहिणीवरचाच. संध्याकाळी मादी गंध सोडते, नर शोधत येतो आणि शरीराच्या टोकाकडचे दोन केसाळ कुंचले बाहेर काढून तिच्यासमोर फुलवतो. त्याला एक सुगंध असतो, हायड्रॉक्सिडॅनेडाल नावाच्या द्रव्याचा. आयझनर आणि त्याचा रसायनशास्त्रज्ञ मित्र जेरल्ड माइनवाल्ड यांच्या गटानं दाखवून दिलं, की हे अत्तर त्याच विषापासून तयार होतं. ज्याच्याकडे विष जास्त, त्याचा गंध जास्त. म्हणजे तो गंध म्हणजे सॅलरी स्लिपच! खोटी छापता येत नाही अशी.

मिलनाच्या वेळी नर नुसते शुक्राणू देत नाही. एक गाठोडं देतो. त्यात पोषक द्रव्यं असतात आणि आयुष्यभर जमवलेल्या विषातला वाटाही असतो. हे गाठोडं त्याच्या वजनाच्या एक दशांशाहूनही मोठं असू शकतं. म्हणजे साठ किलोच्या मुलानं लग्नात सहा किलो स्वतःतून काढून देणं. मादीला ते विष लगेच संरक्षण देतं, कोळी तिलाही सोडू लागतात. मग ती स्वतःचा आणि त्याचा असा दोघांचा साठा अंड्यांमध्ये भरते. मुंग्या, लेडीबर्ड असे अंडी खाणारे ती अंडी तोंडात घेतात आणि सोडून देतात. अळी बाहेर येण्याआधीच आई-बाबांनी तिच्या नावावर पॉलिसी काढलेली असते.

हुंडा इथे नवरदेव देतो, असा जोक मी ही गोष्ट सांगताना नेहमी करते. पुण्यात सगळे हसतात. बीडमध्ये करताना जीभ जरा अडखळते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. आणि २०११ च्या जनगणनेत माझ्या जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यातला सर्वांत कमी आकडा. ज्या पोरी जन्मालाच आल्या नाहीत, त्या आज मोठ्या झाल्या असत्या. किड्यांकडून संस्कार घ्या असं मी म्हणणार नाही. पतंग काही समाजसुधारक नाही, त्याला स्वतःची अंडी वाचवायची असतात, बस्स. पण आपल्याकडे अंड्याआधीच हिशोब मांडून बसणारी माणसं पाहिली, की त्या गाठोड्याची आठवण येते एवढं खरं.

तर हा असा साठा. झाडातून अळीत, अळीतून पतंगात, नराकडून मादीकडे, मादीकडून अंड्यात. साखळी पक्की आहे. पण तिची पहिली कडी एक झुडूप आहे, जे आपण 'तण' म्हणून उपटतो. आणि ते ज्या जमिनीवर उगवतं, तिला आपण 'पडीक' म्हणतो.

हा शब्द नुसता बोलण्यातला नाही, सरकारी आहे. २००० साली हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेनं उपग्रहांच्या छायाचित्रांवरून ग्रामविकास मंत्रालयासाठी 'वेस्टलँड्स ॲटलस ऑफ इंडिया' प्रसिद्ध केला. त्यात खुरटी झुडपं असलेली माळरानंही वेस्टलँड म्हणून मोजली आहेत. नकाशावर 'वेस्ट' लिहिलं की पुढचं सोपं होतं. तिथे काहीही आणता येतं, कारण तिथे काहीच नाही असं आधीच ठरलेलं असतं. खरं तर तिथे खुळखुळा असतो, भुरुंडी असते, गुरांचं गवत असतं, खोकड असतो, आणि आपला पतंग असतो.

तुम्ही म्हणाल, बोरूची शेतं आहेत की! आहेत. पण बोरूचं गणित वेगळं. तो फुलावर आला, की नांगराखाली जातो. हिरवळीच्या खताचा सगळा फायदा तिथेच. अळी शेंगेपर्यंत पोहोचायच्या आत शेंगच उरत नाही. एका सकाळी घर, जेवण, पाळणा सगळं मातीत. शेतकऱ्याची यात काही चूक नाही. मातीला नत्र हवंच. कृषीच्या पुस्तकात ही अळी तागाची कीड म्हणून नोंदलेली आहे, तेही बरोबर, कारण बियाण्यासाठी ताग ठेवला तर ती शेंगा फस्त करते. पण गाडायच्याच बोरूत तिनं दोन पानं कुरतडली, तर कुणाचं काय गेलं? त्यासाठी फवारणी कशाला? आणि बोरू गाडला गेल्यावर पतंगानं जायचं कुठे, याचं उत्तर बांधावर असतं. तिथला रानटी खुळखुळा डिसेंबरपर्यंत शेंगा धरून उभा असतो. तणनाशकाचा पंप बांधापर्यंत गेला, की ते उत्तरही संपलं.

पतंग तसा चिवट आहे. दुष्काळी मुलखातला तो, त्याला थांबून चालत नाही. पाऊस आला, झाड उगवलं, की पिढ्यांमागून पिढ्या भराभर उरकायच्या. अन्न संपलं, की पंख पसरून दूर निघायचं. शेकडो किलोमीटरची भटकंती या कुळाच्या अंगवळणी पडलेली आहे. बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली, की आमच्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून ऊसतोडीला माणसं निघतात. आणि आम्ही शिकलेले लोक लॅपटॉपची बॅग घेऊन हिंजवडीला. पण जाणाऱ्याला परत यायला जागा लागते. उगवायला झाड असेल, तरच पतंग पुढच्या पावसाळ्यात परततो.

काकांना मी हे सगळं सांगितलं. कोळी सोडून देतो तो भाग त्यांना फार आवडला, दोनदा सांगायला लावला. मग म्हणाले, "बांधावर तसं बी मी औषध मारत नसतो. शेरडं चरायला जातात की तिथं." बघा! पर्यावरण, बायोडायव्हर्सिटी असले जड शब्द काही नाहीत. शेळ्यांसाठी राखलेल्या बांधावर पतंगाचं आपोआप भागतं. मला वाटतं, आपल्या भागात खूप काही असंच टिकून राहिलंय, कुणाच्या तरी साध्या सवयीमुळे. आणि ती सवय मोडली, की ते काही न बोलता जाईल.

तर आता तुमचं काम. गणपती किंवा महालक्ष्म्यांना गावी जाल तेव्हा एक सकाळ राखून ठेवा. गाव बीडचंच हवं असं नाही. सोलापूर, नगर, जत, माण, कुठलाही कोरडा भाग चालेल. पुण्याजवळचं एखादं माळरानही चालेल. ऊन जरा चढलं की, नऊ-दहाच्या सुमाराला, पिवळ्या फुलांचा खुळखुळा शोधा आणि गवतातून सावकाश चाला. तुमच्या पायांच्या चाहुलीनं तो उठेल, चार-पाच पावलांवर पुन्हा बसेल. फोटो काढा, 'मॉथ्स ऑफ इंडिया' किंवा आयनॅचरलिस्टवर टाका, गाव आणि तारीख लिहा. कोणत्या तालुक्यात कोणता भाऊबंद राहतो, हे अशाच नोंदींतून कळत जातं. वाळलेल्या फांद्यांवर निळसर ठिपक्यांची मोठी फुलपाखरं गर्दी करून बसलेली दिसली, तर दचकू नका. तीही याच विषाची गिऱ्हाइकं आहेत. शेंगा लहान मुलांना वाजवायला द्या, तोंडात घालायला मात्र नको.

दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर 'नॅशनल मॉथ वीक' साजरा होतो. लोक अंधारात पांढरी चादर टांगतात, दिवा लावतात, रात्रभर जागतात. जरूर करा, मजा येते. आपल्या पतंगासाठी मात्र यातलं काहीच लागत नाही. ना दिवा, ना चादर, ना जागरण. डोक्याला टोपी, हातात पाण्याची बाटली आणि कुणीतरी न उपटलेलं बांधावरचं एक झुडूप. एवढं पुरतं.